नवी घरे थांबली की जुनी घरे तारतात?

घरबांधणीत मंदी आली की स्वयंपाकघराची कपाटे बनवणाऱ्या कारखान्यांना एक दिलासा हमखास दिला जातो. नवी घरे कमी झाली म्हणून काय बिघडले? जुनी घरे आहेतच की. नवे घर घेणे ज्याला परवडत नाही तो आहे त्याच घराचे स्वयंपाकघर नवे करून घेईल आणि कारखान्याची यंत्रे चालत राहतील. अमेरिकेत हा दिलासा २००७ च्या सुमारास दिला गेला. २०२२ मध्ये व्याजदर चढले तेव्हा तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा दिला गेला. आता आपल्याकडच्या मॉड्युलर किचनच्या धंद्यातही तो ऐकू येऊ लागला आहे. हे मत मांडणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत कारखानदार आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, शेअर बाजाराचे अभ्यासक आहेत. तरीही हे मत चूक आहे आणि त्याच्या भरवशावर घेतलेली कर्जे कारखान्यांना महाग पडतात, असे माझे म्हणणे आहे. कपाट ही लिहिण्याजोगी वस्तू वाटत नाही म्हणून या धंद्यावर सहसा कोणी लिहीत नाही. मला ती तशी वाटते. म्हणूनच चुकीचे निदान डोळ्यांआड करवत नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. त्याचा पहिला आधार अंकगणिताचा आहे. अमेरिकेत आज चौदा कोटींहून अधिक घरे आहेत. तेजीच्या ऐन भरात, २००५ मध्ये, वर्षभरात २०.७ लाख नव्या घरांची कामे सुरू झाली होती. म्हणजे तेजीतसुद्धा नवी घरे एकूण घरांच्या दोन टक्क्यांच्या आतच. उरलेल्या प्रत्येक घरात स्वयंपाकघर आहे आणि ते दरवर्षी एका वर्षाने म्हातारे होते. दुसरा आधार वयाचा. मालक स्वतः राहतात अशा घरांचे मध्यक वय २००५ मध्ये ३१ वर्षे होते, २०२१ मध्ये ते ४० झाले. चाळीस वर्षांच्या घरात मूळचे कपाट कितीसे धड असणार? तिसरा आधार माणसाच्या स्वभावाचा: ज्याला दुसरीकडे जाता येत नाही तो आहे ती जागा सुधारतो. चौथा अनुभवाचा: नूतनीकरणावरचा एकूण खर्च नव्या बांधकामाइतका कोसळत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे गृहनिर्माण अभ्यास केंद्र हा खर्च वर्षानुवर्षे मोजत आले आहे आणि त्याचे आकडे याच बाजूने बोलतात.

या चारांतले एकही विधान मी खोटे म्हणत नाही. खोट आहे ती त्यांच्या जोडणीत.

नूतनीकरणाच्या त्या मोठ्या आकड्यात काय काय बसते ते पाहा. गळके छप्पर, फुटलेले नळ, ऐन थंडीत बंद पडलेली घर तापवण्याची भट्टी, वादळाने मोडलेल्या खिडक्या. हे खर्च मंदी आहे की तेजी हे विचारून येत नाहीत. आणि कपाट? मेपल किंवा ओकच्या दारांचे, प्लायवूडच्या किंवा पार्टिकल बोर्डाच्या पेटीचे कपाट तीस वर्षे सहज उभे राहते. बिजागरी सैल झाली तर बदलता येते. ड्रॉवरची पट्टी अडकली तर नवी मिळते. अगदीच कंटाळा आला तर दारे रंगवून घेता येतात, किंवा पेट्या जागेवर ठेवून नुसती दारे आणि दर्शनी पट्ट्या बदलता येतात. कपाट जुने राहिले म्हणून कोणाच्या घरात पावसाचे पाणी शिरत नाही. शिवाय पूर्ण स्वयंपाकघर बदलताना कपाटांबरोबर ओटा, फरशी, नळ आणि वीजजोडणीही निघते, म्हणून हा घरातल्या सर्वांत मोठ्या ऐच्छिक खर्चांपैकी एक ठरतो. एकूण नूतनीकरण टिकले म्हणून कपाट टिकेल हे अनुमान कशाच्या बळावर? छपराच्या गळतीवर कपाटांचा कारखाना चालत नाही.

हे झाले तर्काचे. आता साक्षीदार.

अमेरिकन वुडमार्क ही व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टरची कंपनी. बॉइझी कॅस्केड या लाकूड-कागद उद्योगाचा कपाट-विभाग त्याच्याच व्यवस्थापकांनी १९८० मध्ये विकत घेतला आणि ही कंपनी उभी राहिली. हाच साक्षीदार मी निवडला, कारण तिचे हिशेब सार्वजनिक आहेत आणि पूर्वपक्ष ज्या तऱ्हेचा धंदा सुरक्षित मानतो तोच ती करत होती. तेजीतसुद्धा तिचा निम्म्याहून अधिक माल होम डेपो आणि लोज या दोन दुकानसाखळ्यांमधून जात असे, आणि त्या दुकानांत कपाटे मागवायला येणारा गिऱ्हाईक मुख्यतः जुन्या घराचा मालक असतो. नव्या घरांची कपाटे बिल्डर घेतो. तिथे कपाट भिंतीला ठोकलेले असते आणि घराबरोबरच विकले जाते. नूतनीकरणाचा आधार कोणाला मिळणारच असेल, तर तो या कंपनीला मिळायला हवा होता.

तिचे आर्थिक वर्ष एप्रिलअखेर संपते. २००६ च्या वर्षात विक्री होती ८३.८ कोटी डॉलर. २०१० च्या वर्षात ती ४०.७ कोटी झाली.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते: नव्या घरांची कामे २००५ मधल्या २०.७ लाखांवरून २००९ मध्ये साडेपाच लाखांवर आली, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटली. कंपनी मात्र निम्म्यानेच घसरली. तेव्हा आधार मिळालाच. हे उत्तर ऐकायला बरे आहे. हिशेबाला ते टिकत नाही. निम्म्याहून अधिक विक्री जुन्या घरांकडून येत होती आणि ती स्थिर होती असे धरा. मग नव्या घरांकडून येणारा शेवटचा डॉलरही आटला असता, तरी विक्री निम्म्याखाली जायला नको होती. ती गेली. आणि नवी घरे शून्यावर आली नव्हती; साडेपाच लाख घरे म्हणजे साडेपाच लाख स्वयंपाकघरे. मग उरलेली घट आली कुठून? मधल्या काळात कंपनीने कमी नफ्याचा काही माल स्वतःहून सोडला होता, हे मान्य. म्हणून आधीची वर्षे बाजूला ठेवू आणि केवळ २००८ ते २०१० पाहू: ६०.२ कोटींवरून ४०.७ कोटी. दोन वर्षांत एक तृतीयांश विक्री गेली. कंपनीने दोन सर्वांत जुने कारखाने बंद केले, तिसऱ्याचे काम थांबवले, आणि तरीही २०१०, २०११ आणि २०१२ या तिन्ही वर्षांत दरवर्षी दोन कोटी डॉलरच्या आसपास तोटा सोसला. २००६ ची विक्री ओलांडायला तिला २०१६ चे वर्ष उजाडावे लागले.

दहा वर्षे. ज्या आधाराच्या भरवशावर राहायचे, तो दहा वर्षे कुठे होता?

जुन्या घरातले स्वयंपाकघर बदलते केव्हा, याचा विचार पूर्वपक्ष करत नाही. कपाट विशिष्ट वयाचे झाले की आपोआप बदलते असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात घराचा हातबदल होतो तेव्हा कपाट बदलते. विकणारा माणूस भाव यावा म्हणून स्वयंपाकघर सजवतो. विकत घेणारा राहायला आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत आधीच्या मालकाची आवड उखडून काढतो. वीस वर्षे त्याच घरात राहणाऱ्याला कपाटाचे पिवळे पडलेले दार दिसेनासे झालेले असते. म्हणून या धंद्याची नाडी जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीत लागते. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे ७१ लाख जुनी घरे विकली गेली होती, २००८ मध्ये ४१ लाख. म्हणजे नव्या घरांच्या मंदीत जुन्या घरांचा बाजार वेगळा उभा राहिलाच नाही; तोही त्याच वावटळीत सापडला. आणि सापडणारच होता. घर विकले जाण्याला जे अडवते, म्हणजे कर्जाची टंचाई, घसरते भाव, नोकरीची भीती, तेच नवे घर बांधण्यालाही अडवते. नवे आणि जुने हे दोन बाजार स्वतंत्र आहेत, एक पडला की दुसरा उचलून धरतो, हे पूर्वपक्षाचे न उच्चारलेले गृहीतक आहे. ते एकदा बोलून दाखवले की पुढचे खंडन फारसे उरत नाही.

स्वयंपाकघराचा पैसा येतो कोठून, हाही प्रश्न आहेच. तेजीच्या काळात अमेरिकन मालक घराच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज काढत होता. अर्थतज्ज्ञ ॲलन ग्रीनस्पॅन आणि जेम्स केनेडी यांनी २००५ आणि २००७ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेसाठी केलेल्या अभ्यासांत या उचलीचा माग काढलेला आहे; तिचा एक भाग घरसुधारणेवर खर्च होत होता. २००६ नंतर घरांचे राष्ट्रीय सरासरी भाव एक चतुर्थांशाहून अधिक घसरले. २००९ च्या अखेरीस कर्ज असलेल्या घरांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास घरांवरचे कर्ज घराच्या किमतीहून मोठे होते. अशा घराचा मालक मेपलची नवी दारे मागवील? तो हप्ता भरतो आणि गप्प बसतो.

इथे पूर्वपक्ष आपला सर्वांत आवडता पुरावा काढतो. तो म्हणतो, २००८ ची गोष्ट वेगळी होती, तेव्हा भाव कोसळले होते; २०२२ नंतर भाव टिकले, मालकांची घरातली संपत्ती विक्रमी झाली. शिवाय तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. स्वस्त कर्जाचे घर सोडून महाग कर्ज कोण घेणार? लोक जागेवर अडकले. अडकलेला माणूस घर सुधारणार. युक्तिवाद देखणा आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

पण अडकलेला माणूस घर विकत नाही. फेडरल हाउसिंग फायनान्स एजन्सी या सरकारी गृहवित्त नियामक संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की बाजारातला दर मूळ कर्जाच्या दरापेक्षा जितके टक्के वर, तितक्या प्रत्येक टक्क्यामागे घर विकले जाण्याची शक्यता १८.१ टक्क्यांनी कमी होते. परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०२१ मध्ये ६१ लाख जुनी घरे विकली गेली. २०२३ मध्ये ४१ लाखही नाहीत, १९९५ नंतरचा नीचांक. स्वयंपाकघर घराच्या हातबदलाबरोबर बदलते हे एकदा मान्य केले की ही अडकण कपाटवाल्याच्या फायद्याची कशी म्हणायची? राहिली विक्रमी संपत्ती. ती भिंतीत आहे, खिशात नाही. खिशात आणायची तर घर तारण ठेवून कर्ज काढावे लागते, आणि जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात अशा कर्जांचा आधारभूत बँकदर ८.५ टक्के होता. गिऱ्हाइकाला त्याहून वरच मोजावे लागे. होम डेपोचे व्यवस्थापन २०२३ पासून वारंवार हेच सांगत आले: छोटी कामे चालू आहेत, कर्ज काढून करायची मोठी कामे, म्हणजे स्वयंपाकघरे आणि न्हाणीघरे, लोक पुढे ढकलत आहेत.

आणि कारखाने? मूळची इंडियाना राज्यातल्या जॅस्परची मास्टरब्रँड ही अमेरिकेतली सर्वांत मोठी कपाट-कंपनी. तिची विक्री २०२२ मधल्या ३२८ कोटी डॉलरवरून २०२३ मध्ये २७३ कोटींवर आली, सतरा टक्क्यांची घट. विक्रेत्यांनी गोदामातला जादा साठा उतरवला, हे त्याचे एक कारण होते. पण साठा उतरवावा लागतो तो गिऱ्हाईक येईनासे झाल्यावरच. त्याच २०२३ मध्ये अमेरिकेत बांधून पूर्ण झालेली घरे सुमारे साडेचौदा लाख होती, आदल्या वर्षाहून अधिक. कपाटे बसतात ती भिंती आणि छत झाल्यावर, घर संपत आलेले असताना. त्यामुळे कामे सुरू होण्याचा आकडा घटला तरी पूर्ण होणाऱ्या घरांचा आकडा काही काळ चढा राहतो. (यांतली बरीच घरे अपार्टमेंट होती आणि अपार्टमेंटचे स्वयंपाकघर लहान असते, हे मात्र हिशेबात धरले पाहिजे.) अमेरिकन वुडमार्कची विक्री एप्रिल २०२४ अखेरच्या वर्षात २०७ कोटींवरून १८५ कोटींवर आली आणि तिथेही नव्या बांधकामापेक्षा नूतनीकरणाच्या बाजूने मोठी घट झाली. म्हणजे सिद्धान्त सांगत होता त्याच्या बरोबर उलट घडले. नवी घरे सांभाळत होती, जुनी घरे गळत होती.

इथे एक चांगला आक्षेप येतो आणि त्याला मी मान देतो. याच काळात नफा वाढला. मास्टरब्रँडचा निव्वळ नफा २०२२ मध्ये १५.५ कोटी डॉलर होता, २०२३ मध्ये १८.२ कोटी झाला. अमेरिकन वुडमार्कचा ९.४ कोटींवरून ११.६ कोटी. विक्री घटली, नफा चढला. मग मंदीचे एवढे भय कशाला?

नफा कोणी दिला ते तपासू. नूतनीकरणाने दिला नाही, कारण त्याचीच विक्री घटली होती. २०२१-२२ मध्ये लाकूड, बोर्ड आणि वाहतूक महागली तेव्हा कंपन्यांनी भाव वाढवले. नंतर खर्च उतरला, वाढवलेले भाव बऱ्याच अंशी टिकले. पाळ्या कमी केल्या, कामे कमी जागांत आणली. हे यश कारखान्याच्या चार भिंतींच्या आतले आहे. आणि ते साधले कारण घट दहा ते सतरा टक्क्यांची होती, पन्नासची नव्हती. मध्यम दर्जाची कपाटे मागणीबरहुकूम बनतात. दाराचा नमुना, लाकूड, रंग आणि मापे यांच्या इतक्या जोड्या होतात की माल आधी बनवून गोदामात ठेवताच येत नाही. ऑर्डर नाही तर काम नाही. पण लाकूड वाळवण्याच्या भट्ट्या, रंगाची लाइन, कुशल माणसे यांचा खर्च ऑर्डर येवो न येवो चालूच राहतो. घट थोडी असेल तर चतुर व्यवस्थापन ती पचवते. घट निम्म्याची झाली तर कारखाने बंद करूनही तोटा थांबत नाही. २०१० ते २०१२ चे तोटे वर सांगितले आहेतच. शिवाय चढलेला नफाही टिकला नाही: मास्टरब्रँडने जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कॅबिनेटरी ब्रँड्स ही कपाट-कंपनी ५२ कोटी डॉलरला घेतली, आणि त्या वर्षीचा तिचा नफा १२.६ कोटींवर उतरला.

खुद्द हे कारखानदार कशावर विसंबून आहेत? ऑगस्ट २०२५ मध्ये मास्टरब्रँड आणि अमेरिकन वुडमार्क यांनी एकत्र येण्याचा निर्णय जाहीर केला. भागधारकांपुढे त्यांनी मांडलेले मुख्य आमिष होते तीन वर्षांच्या अखेरीस वर्षाला सुमारे नऊ कोटी डॉलरची खर्चबचत. जुन्या घरांची लाट येणारच असे ज्यांना वाटते, ते खर्चबचतीसाठी विलीनीकरण करतात का?

काही जण आयात शुल्कावर भिस्त ठेवतात; त्या भरवशाचे थोडक्यात. चिनी कपाटांवर २०२० मध्ये जबर शुल्के बसली, तेव्हा माल व्हिएतनाम आणि मलेशियातून येऊ लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बहुतेक देशांतून येणाऱ्या कपाटांवर २५ टक्के शुल्क बसले. शुल्काने गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईल. घरात बसलेला गिऱ्हाईक त्याने बाहेर पडत नाही, उलट भाव वाढल्याने आणखी घट्ट बसतो.

मग मंदीत या धंद्याकडे पाहायचे कसे? कामे सुरू झालेल्या घरांचा आकडा वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येतो, पण कपाटवाल्याला तो उशिरा लागू होतो. त्याने आधी पूर्ण होणारी घरे मोजावीत, मग जुन्या घरांची विक्री, मग तारणकर्जाचा दर. यांतले पहिले दोन आकडे एकाच वेळी खाली वळले तर २००९ आठवावे. २०२५ मध्ये अमेरिकेत पहिला आकडा बरा होता, दुसरा तळाशी होता, तिसरा उतरू लागला होता. माझ्या मते तिथल्या कपाटांच्या मागणीला उठाव येईल तो दुसरा आकडा हलल्यावरच. तोवर चांगले कारखाने तगतील, वाढणार मात्र नाहीत.

आपल्याकडे हाच दिलासा तसाच्या तसा उचलणाऱ्यांना एक फरक दाखवून देतो. पुण्या-मुंबईत बिल्डर बहुतेक वेळा ओटा आणि सिंक देऊन मोकळा होतो. ट्रॉल्या, शटर, वरची कपाटे गिऱ्हाईक ताबा मिळाल्यावर स्वतः करून घेतो. म्हणून इथली मागणी फ्लॅटच्या बुकिंगमागून तीन-चार वर्षांनी चालते. बुकिंग थंडावल्यावरही कारखान्यात काम दिसते, आणि मालक समजतो की जुन्या घरांनी तारले. ते जुन्या घरांचे काम नसते. ते तीन वर्षांपूर्वी बुक झालेल्या फ्लॅटचे असते आणि ते संपणार असते. पुनर्विकासात जुनी इमारत पडते आणि प्रत्येक कुटुंबाला नवे स्वयंपाकघर लागते, हे खरे. पण ते नवे बांधकामच आहे, नूतनीकरण नव्हे, आणि बिल्डरचा पैसा अडकला की तेही अडकते. शिवाय इथे कारखान्याचा स्पर्धक घरी येऊन प्लाय कापणारा सुतार आहे. त्याला ना शोरूमचे भाडे, ना मशिनचा हप्ता. मंदीत त्याचा भाव खाली येऊ शकतो, कारखान्याचा फारसा येत नाही. तेव्हा पुण्याजवळच्या भोसरीतल्या एखाद्या मालकाने एज-बँडिंगचे, म्हणजे बोर्डाच्या कडांना पट्टी लावण्याचे, दुसरे मशिन कर्जावर घेण्याआधी आपल्या चालू ऑर्डरींची यादी काढावी आणि प्रत्येक नावापुढे लिहावे: या फ्लॅटचे बुकिंग कोणत्या वर्षी झाले होते?